दहावीचं विज्ञान-२ : अभ्यासक्रमाची यादी भिंतीवर लावून केलेली उजळणी

१ डिसेंबर २०२४, रविवार

रेणापूर तालुक्यातलं गाव. लातूर हाकेच्या अंतरावर, पण तिथले क्लास खिशाच्या पलीकडे. घरात जावेची मुलगी दहावीला आहे. तिच्याबरोबर तिची वर्गमैत्रीण आणि शेजारचा पोरगा. मैत्रिणीचे आईवडील कारखान्यावर ऊसतोडीला गेलेत, ती आजीपाशी असते. मी बी.एस्सी. आहे, शिक्षिका नाही. तिघंही गणिताला घाबरतात म्हणून सगळा वेळ गणिताला, आणि विज्ञान-२ म्हणजे 'वाचलं की येतं' असा समज. पहिल्या घटकचाचणीत वाचलेलं आलं नाही. म्हणून हा उद्योग.

नोंदी ठेवतेय, कारण पुढच्या वर्षी धाकटा दीर दहावीला आहे आणि हे सगळं परत पहिल्यापासून करायची माझी तयारी नाही.

साहित्य : बालभारतीचं विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग-२, दहा पाठांची यादी पोटमुद्द्यांसकट, दोन कार्डशीट, स्केचपेन, एका बाजूनं कोरे असलेले जुने कागद. ग्रामपंचायतीत काम करणाऱ्या भावजींनी रद्दीतले दिले, त्यामुळे कागदाचा खर्च शून्य. कार्डशीट, पेन आणि झेरॉक्स मिळून शंभराच्या आत. 'अपेक्षित प्रश्नांचा' एक संच पुतणीनं आधीच घेतला होता, तो दीडशेचा. त्याबद्दल पुढे.

पेपर ४० गुणांचा, दोन तासांचा. म्हणजे एका गुणाला तीन मिनिटं. हे गणित कार्डशीटवर सगळ्यात वर लिहिलं.

४ डिसेंबर

यादी भिंतीवर लावली. प्रत्येक मुद्द्यापुढे तीन रकाने, प्रत्येकाला एक. वाचून झालं की खूण करायची. तीन दिवसांत पहिले दोन पाठ आणि सहावा पाठ खुणांनी भरून गेला. पोरं खूश, मी खूश, सासूबाई म्हणाल्या, "झालाच की गं अभ्यास!"

८ डिसेंबर, रविवार

झाला नव्हता.

सकाळी तिघांना पुस्तकं आत ठेवायला लावली, कोरे कागद दिले आणि खूण असलेल्या मुद्द्यांतले चार विचारले. प्रतिलेखन म्हणजे काय. अवशेषांगाची दोन उदाहरणं. ग्लायकोलायसिस पेशीत कुठे होतं. सूत्री आणि अर्धसूत्री विभाजनातले फरक.

पुतणीनं 'प्रतिलेखन म्हणजे डीएनए' असं लिहून पुढे टिंबं टिंबं काढली. मैत्रिणीनं आंत्रपुच्छ आणि माकडहाड बरोबर लिहिलं, पण ग्लायकोलायसिस तंतुकणिकेत नेऊन ठेवलं. ते पेशीद्रव्यात होतं, क्रेब चक्र तंतुकणिकेत. पोरानं फरकाचा तक्ता आखला, शीर्षकं घातली, दोन्ही रकाने रिकामे. तोंडी विचारलं की मात्र "येतंय की मला, लिहायलाच जमंना."

पान उघडं असताना सगळं ओळखीचं वाटतं, म्हणून खूण होते. खुणा सगळ्या खोडल्या. आता रकान्यात खूण नाही, तारीख. कोऱ्या कागदावर, पुस्तक न बघता, न विचारता लिहून आलं तरच त्या दिवसाची तारीख टाकायची. आठवड्यानं तोच मुद्दा परत लिहून आला तर दुसरी तारीख. दोन तारखा पडल्याशिवाय मुद्दा पक्का नाही.

संध्याकाळपर्यंत भिंतीवर मोजून एक तारीख पडली होती. जेवताना सगळ्यांची तोंडं पडलेली.

११ डिसेंबर

यादीचा मोठा घोळ सापडला. पोराची यादी माझ्या यादीशी जुळेना, त्याच्या यादीत बऱ्याच मुद्द्यांपुढे 'वगळले' असं होतं. त्यानं ती मावसभावाकडून आणलेली, मावसभाऊ कोरोनाच्या वर्षातला. तेव्हा बोर्डानं अभ्यासक्रम पंचवीस टक्के कमी केला होता. ती सवलत त्याच वेळची. आता सगळं पुस्तक आहे. पोरगा मात्र ते मुद्दे सोडूनच बसला होता, दिवाळीपासून.

कुणाकडूनही यादी घेतली तर आधी शैक्षणिक वर्ष बघा. सगळ्यात बरं म्हणजे पुस्तकाच्याच अनुक्रमणिकेवरून आणि पाठांतल्या ठळक शीर्षकांवरून स्वतःची यादी लिहून काढणं. आम्हाला त्याला एक संध्याकाळ लागली, आणि लिहिता लिहिता पोरांना पाठात काय काय आहे ते पहिल्यांदा कळलं. पुस्तकाच्या सुरुवातीला क्षमता विधानं छापलेली आहेत, तीही वाचावीत. 'स्पष्ट करता येणे', 'तुलना करता येणे' असले शब्द तिथं असतात आणि प्रश्न त्याच वळणाचे येतात.

त्यावरून पुढची सुधारणा. यादीत नुसतं 'उत्परिवर्तन' असं असलं की पोरं त्याच्याकडे बघत बसतात. म्हणून प्रत्येक मुद्द्याचा प्रश्न करून घेतला. 'उत्परिवर्तन म्हणजे काय? त्यामुळे प्रथिनात काय बदलू शकतं?' 'जोडणारा दुवा' याच्या जागी 'पेरीपॅटसला वलयी आणि संधिपाद यांच्यातला दुवा का म्हणतात?' कसे प्रश्न करायचे ते पाठाखालच्या स्वाध्यायात दिसतंच. 'माहीत आहे का तुम्हांला?'च्या चौकटींचेही प्रश्न केले. एका गुणाचं काहीतरी तिथून येऊ शकतं आणि पोरं नेमक्या त्याच चौकटी उडी मारून जातात.

१७ डिसेंबर

पेशीविभाजन. यावर तीन संध्याकाळी गेल्या, पण गेल्या त्या कारणी लागल्या.

सूत्री विभाजनाच्या चार अवस्था तिघांनाही क्रमानं पाठ : पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था. आकृती काढा म्हटलं की गोळा. पुतणीनं मध्यावस्थेत गुणसूत्रं दोन टोकांना नेऊन ठेवली. विचारलं तर म्हणाली, "काकू, चित्रात तशीच होती." तशी नव्हती, ती पश्चावस्थेची आकृती होती. पाठांतर शब्दांचं झालेलं, चित्राकडे कुणी बघितलंच नव्हतं.

सासूबाईंच्या विणकामातली दोन रंगांची लोकर घेतली. ताटात राखेचा गोल, म्हणजे पेशी. लोकरीचे बोटभर तुकडे, एकाच रंगाचे दोन मध्ये गाठ मारून जोडलेले. ती गाठ म्हणजे गुणसूत्रबिंदू, जोडीतला एक एक तुकडा म्हणजे अर्धगुणसूत्र. आधी पूर्वावस्था : तुकडे आखूड जाड, केंद्रकाचा गोल पुसायचा. मध्यावस्था : सगळ्या गाठी ताटाच्या मधोमध एका रेषेत, दोन टोकांकडून तर्कुतंतू म्हणून शिवणाचा दोरा. पश्चावस्था : गाठ सोडायची आणि दोरा ओढायचा.

दोरा ओढल्यावर तुकडे मध्ये वाकून, दोन्ही टोकं मागे राहून सरकले. पोरगा ओरडला, "वहिनी, केळाचा घड!" पुस्तकात पश्चावस्थेतल्या गुणसूत्रांना हीच उपमा आहे. त्यानं ती पाठ केली होती, पण घड कुठून आला ते आत्ता कळलं : ओढ मधल्या गाठीला बसते, म्हणून टोकं मागे लोंबतात.

हाच खेळ अर्धसूत्रीला केला. पहिल्या भागात गाठ सोडायचीच नाही, सजातीय जोडीतला एकेक आख्खा एकेका टोकाला जातो. दुसऱ्या भागात गाठ सुटते. शेवटी चार पेशी, प्रत्येकीत निम्मी गुणसूत्रं. पारगतीसाठी (क्रॉसिंग ओव्हर) दोन रंगांच्या तुकड्यांची टोकं कापून अदलाबदल करून बांधली. यात वेळ फार गेला आणि लोकर वाया गेली, पण नंतर फरकाचा तक्ता न सांगता सहा मुद्द्यांचा लिहून आला.

हे करून झाल्यावर लगेच कोरा कागद द्या. आम्ही पहिल्या दिवशी खेळ संपवून उठलो, दुसऱ्या दिवशी परत अर्धं विसरलेलं.

१९ डिसेंबर

तुरी काढायला आल्यात. मैत्रीण दोन दिवस आली नाही. मुद्दे तिच्या वहीत लिहून आजीकडे पाठवले.

२२ डिसेंबर, रविवार

पाठ तिसरा, प्रजनन. शाळेत या पाठाचा मानवी प्रजननाचा भाग 'घरी वाचा' म्हणून सोडून दिला होता. घरी कुणीच वाचला नव्हता. पोरगा त्या दिवशी 'गुरं बांधायचीत' म्हणून पळाला.

मी दोन भाग केले. आधी फूल, सगळ्यांनी मिळून. परसातलं जास्वंद आणलं, दाढीच्या पात्यानं उभं कापलं. निदलपुंज, दलपुंज, पुमंग, जायांग एकेक सुटं करून कागदावर चिकटवलं. जास्वंदाचे पुंकेसर नळीसारखे एकत्र जुळलेले असतात आणि कुक्षीवृंत त्या नळीतूनच वर येतो, त्यामुळे पोरांना दोन्ही एकच वाटलं. नळी अलगद फाडल्यावर आतला कुक्षीवृंत दिसला. तळाचा अंडाशय आडवा कापला तर पाच कप्पे आणि त्यात पांढरट बारीक बीजांडं. पुतणी भिंगातून बघत बसली, उठेचना.

मग पपई. परसात एक झाड आहे, त्याला कधी फळ धरत नाही; सासूबाई दरवर्षी तोडायला निघतात. त्याची फुलं आणून बघितली, लांब देठाला लोंबणारे घोसच्या घोस, अंडाशयाचा पत्ता नाही. नर झाड. एकलिंगी फुलाचं पुस्तकातलं उदाहरणही पपईच आहे. झाड अजून उभं आहे, उदाहरण म्हणून.

दुसरा भाग मुलींचा वेगळा, दुपारी. ऋतुचक्राला मी अठ्ठावीस चौकोनांची पट्टी केली. खालून संप्रेरकं : पुटिका ग्रंथी संप्रेरकानं अंडपुटिका वाढते, तिच्यातून इस्ट्रोजेन, त्यानं गर्भाशयाचं अस्तर परत तयार होतं, साधारण चौदाव्या दिवसाच्या आसपास पीतपिंडकारी संप्रेरकामुळे अंडमोचन, उरलेल्या पुटिकेचं पीतपिंड, त्यातून प्रोजेस्टेरॉन, फलन झालं नाही तर पीतपिंड निकामी, प्रोजेस्टेरॉन घटतं, अस्तर गळून पडतं. मुलींनी विचारलेले निम्मे प्रश्न पेपरचे नव्हतेच. दोन तास गेले. ते प्रश्न इथं लिहीत नाही, पण वेळ राखून ठेवा.

पोराला तीच पट्टी त्याच्या थोरल्या चुलतभावाकरवी शिकवली. तो नर्सिंगला आहे. पोरगा आता या पाठात सगळ्यात पुढे आहे, कारण त्यानं एकट्यानं गपचूप चार वेळा वाचला.

३० डिसेंबर, सोमवार

येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. आज अभ्यास नाही, गावच शेतात. कडब्याची कोप, भज्जी, उंडे, आंबिल.

आंबिलीच्या मडक्यापाशी मात्र सातवा पाठ, सूक्ष्मजीवशास्त्र, निघालाच. ज्वारीचं पीठ आणि ताक एकत्र करून ठेवलं की आंबतं कशानं? मैत्रीण म्हणाली, "लॅक्टोबॅसिलाय." दुधातल्या लॅक्टोजचं लॅक्टिक आम्ल होतं, आम्लानं प्रथिनांचं क्लथन होतं म्हणून दही घट्ट. सांगून झाल्यावर तिनं दुसरा पेला मागितला. घरी आल्यावर तारीख टाकायचा हट्ट. कोऱ्या कागदावर लिहिलेलं नाही म्हणून टाकू दिली नाही. रुसली.

५ जानेवारी २०२५, रविवार

आठवा पाठ, जैवतंत्रज्ञान, आणि या सगळ्या प्रकरणातला मला सगळ्यात आवडलेला दिवस.

प्रश्न : बी.टी. कापूस म्हणजे काय? उत्तर सगळ्यांना येतं. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूतलं जनुक कापसात घातलं, त्यामुळे पानांत आणि बोंडांत अळीला मारक विष तयार होतं, अळीच्या अन्ननलिकेत जाऊन तिला मारतं. पोरानं वहीत लिहिलं आणि पेन खाली ठेवला. "पण वहिनी, मामाकडं माजलगावला बी.टी.च लावतेत. बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. मग हे खोटंय का?"

खोटं नाही. मी विचारलं, असं का झालं असेल? तो म्हणाला, "अळीला औषधाची सवय झाली."

इथे मी यादीवर बोट ठेवलं, पहिल्या पाठावर, आनुवंशिकता आणि उत्क्रांतीवर. 'सवय झाली' हा लामार्कचा जिराफ झाला. मान ताणून ताणून लांब झाली आणि ती पिल्लांना मिळाली, तसं. डार्विनच्या तऱ्हेनं सांग म्हटलं. बराच वेळ शांतता. मग पुतणीनं जुळवलं : हजारो अळ्यांत काही थोड्यांच्यात आधीपासूनच असा बदल होता की विष त्यांना बाधत नव्हतं. बाकीच्या मेल्या, त्या उरल्या. पुढची पिढी त्यांचीच. दरवर्षी त्यांचं प्रमाण वाढत गेलं. नैसर्गिक निवड.

भारतात बी.टी. कापसाला परवानगी मिळाली २००२ साली. २०१७च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात गुलाबी बोंडअळीनं जो कहर केला तो पोरांच्या घरी सगळ्यांना आठवतो. मधली पंधरा वर्षं म्हणजे अळीच्या किती पिढ्या, हे पोरांनीच बोटांवर मोजायला घेतलं. बियाणाच्या पाकिटाबरोबर बिगर-बी.टी.ची जी छोटी पुडी यायची ती का, हेही विचारलं. ती बांधाच्या कडेनं लावायची, म्हणजे साध्या अळ्याही जगतात आणि चिवट अळ्यांशी त्यांचा संकर होऊन चिवटपणा पसरायला वेळ लागतो. मामानं पुडी कुठं टाकली असेल? "उकिरड्यात," पोरगा म्हणाला.

परीक्षेत एवढं कुणी विचारणार नाही. तीन गुणांच्या उत्तरात पुस्तकातलंच लिही, असं त्याला बजावून सांगितलं. पण लामार्क आणि डार्विन यांतला फरक आता तिघांपैकी कुणीही चुकत नाही. भिंतीवरच्या यादीत पाठ एक आणि पाठ आठ यांच्यामध्ये स्केचपेननं लाल रेघ ओढली. नंतर अशा आणखी रेघा झाल्या : पाठ दोनमधलं अर्धसूत्री ते पाठ तीनमधली युग्मकं, पाठ सातमधला बायोगॅस ते पाठ पाचमधली ऊर्जा.

'अपेक्षित' संचात बी.टी. कापसाचं उत्तर दोन ओळींत, त्यातही जिवाणूचं नाव चुकीचं छापलेलं. त्या दिवसापासून संच फक्त प्रश्नांसाठी, उत्तरं पुस्तकातूनच. दीडशे रुपये फुकट गेले असं नाही, पण जवळपास.

१२ जानेवारी, रविवार

सहावा पाठ, प्राण्यांचे वर्गीकरण. नुसते संघ पाठ करायला कंटाळा येतो, म्हणून शेतात आणि परसात जे सापडेल ते बघायचं आणि पाचच गोष्टी लिहायच्या : शरीराचं संघटन, सममिती, आद्यस्तर, देहगुहा, खंडीभवन. हे निकष पाठ झाले की संघ आपोआप लागतात.

गांडूळ, झुरळ, कोळी सहज झाले. ओल्या पाचटाखाली वाणी सापडली. तिघांनीही 'वलयी' लिहिलं, अंगावर कडी कडी आहेत म्हणून. उलटी करून पाय दाखवले : सांधे असलेले पाय जोड्या-जोड्यांनी, वर कायटिनचं कवच. संधिपाद. शंखी गोगलगाय मात्र शोधूनही मिळाली नाही, ती पावसाळ्यातली. गरज नव्हती. २०२२ला सोयाबीनची रोपं कोवळी असतानाच गोगलगाईंनी खाल्ली तेव्हा हीच पोरं बादल्या घेऊन वेचत होती. मृदुकाय संघ, मऊ अंग, कवच : न बघता लिहिलं.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ. अभ्यास नावाला.

२१ जानेवारी

शाळेची पूर्वपरीक्षा झाली, पेपर मिळाले. चाळीसपैकी पुतणी २७, मैत्रीण ३०, पोरगा २२. घटकचाचणीच्या मानानं बरं. गुणांपेक्षा गुण कुठं गेले ते बघितलं. पेपरचं स्वरूप असं : पाच गुणांचे पर्याय, पाच गुणांचे एका वाक्यातले-जोड्यातले, मग शास्त्रीय कारणं कोणतीही दोन, चार गुण, कोणतेही तीन, सहा गुण, कोणतेही पाच, पंधरा गुण, आणि शेवटी कोणताही एक, पाच गुण.

म्हणजे तीन गुणांचे पाच प्रश्न हे पेपराचं पोट. गुण तिथंच गेले. उत्तरं चूक नव्हती, अपुरी होती. तीन गुणांच्या प्रश्नाला पुतणीनं दोन मुद्दे लिहून थांबायचं आणि पोरानं दीड पान लिहून वेळ घालवायचा. पाच गुणांच्या प्रश्नाला तर तो पोचलाच नाही.

शास्त्रीय कारणांत वेगळीच अडचण. 'जास्त व्यायाम केल्यावर पाय दुखतात' याचं कारण पोरानं 'थकवा येतो' असं लिहिलं. तो कबड्डी खेळतो, त्याला अनुभवानं पटलेलं. कारणाला यंत्रणा लागते : स्नायूंत ऑक्सिजन अपुरा पडला, विनॉक्सिश्वसन झालं, लॅक्टिक आम्ल साचलं. आता प्रत्येक कारणाला 'म्हणून', 'त्यामुळे' असे निदान दोन टप्पे यायला हवेत असा नियम केला.

यादीवर नवीन रकाना : हा मुद्दा किती गुणांचा होऊ शकतो. कोरा कागद तेवढ्याच मिनिटांचा. तीन गुण, नऊ मिनिटं, तीन मुद्दे किंवा दोन मुद्दे आणि आकृती.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन करून पोरं आली. चौथा, पाचवा, नववा, दहावा पाठ राहिलेत. यांना तिघंही 'सोपे' म्हणतात आणि भिंतीवर त्यांच्यापुढे एकही तारीख नाही. 'सामान्य ज्ञान' समजून मनानं लिहितात आणि गुण जातात.

पाचव्याला, हरित ऊर्जेच्या पाठाला, परळीचं औष्णिक वीज केंद्र घेतलं. कोळशातली रासायनिक ऊर्जा, उष्णता, वाफेची गतिज ऊर्जा, टर्बाइन, जनित्र, वीज, ओघतक्ता. पाणी कशाला लागतं, हे पुतणीला पटेना. मग २०१५ला पाण्याअभावी परळीचे संच बंद ठेवावे लागले होते ते सांगितलं. वाफ करायला आणि ती थंड करून परत पाणी करायला. संघनक हा शब्द मग तिच्या तक्त्यातून सुटला नाही.

दहाव्या पाठाला, आपत्ती व्यवस्थापनाला, सासूबाई. किल्लारीचा भूकंप. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला चार मिनिटं कमी. गणपती विसर्जन करून लोक उशिरा झोपलेले. किल्लारीकडची घरं दगडमातीच्या जाड भिंतींची, वर माळवदाचं ओझं. झोपेतच अंगावर आली. जवळपास दहा हजार माणसं गेली. सासूबाईंच्या माहेरचे लोक मदतीला गेले होते, ते काय काय करत होते ते त्यांनी सांगितलं. पोरांनी वहीत दोन रकाने केले : आपत्तीपूर्व, आपत्तीपश्चात. सासूबाई बोलतील तसं एकेक वाक्य कुठल्या रकान्यात जातं ते ठरवायचं. ढिगारे उपसणं, जखमींना लातूर-सोलापूरला नेणं, तंबू, नंतर बावन्न गावांचं नव्या जागी पुनर्वसन. सगळा उजवा रकाना भरला. डावा जवळपास रिकामा. मैत्रिणीनं विचारलं, "आजी, आधी कुणीच काही शिकवलं नव्हतं का?" सासूबाई म्हणाल्या, "इकडं भूकंप होतो हेच कुणाला माहीत नव्हतं."

डावा रकाना मग पुस्तकातून भरला : धोक्याची ठिकाणं ओळखणं, भूकंपरोधक बांधकाम, मॉक ड्रिल. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५चा.

२ फेब्रुवारी

लाइट सलग तीन संध्याकाळी सहा ते नऊ गेलेली. नेमका आमचा वेळ. पहाटे पाचला हलवलं. पोरगा उठत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

दोन तासांचा सराव पेपर, घड्याळ लावून, ओसरीत. प्रश्न मी भिंतीवरच्या यादीतून काढले, एक तारीख असलेले पण दुसरी नसलेले. पोरगा या वेळी पाच गुणांच्या प्रश्नापर्यंत पोचला, कारण त्यानं तो सगळ्यात आधी सोडवला. बोर्डात क्रम बदलला तरी चालतो, प्रश्न क्रमांक ठळक घातला की झालं. आकृत्या पेन्सिलनं, नावं उजव्या हाताला एकाखाली एक. मैत्रिणीची एक सुंदर आकृती पंधरा मिनिटं खाऊन गेली. छायांकन बंद करायला लावलं.

तपासायला मला जवळपास सगळी दुपार गेली. पुढच्यांसाठी : एकमेकांचे तपासायला लावा. पुस्तक उघडून दुसऱ्याचं उत्तर तपासताना पोरं जेवढं वाचतात तेवढं स्वतःसाठी कधी वाचत नाहीत. हे मला डिसेंबरात सुचायला हवं होतं.

१८ फेब्रुवारी

परीक्षा २१ पासून, पहिला पेपर मराठी. विज्ञान-२ मार्चमध्ये, गणिताच्या नंतर. तोवर हात लावायला मिळेल न मिळेल. म्हणून आज हिशोब.

दोन तारखा पडलेले मुद्दे : पाठ एक, दोन, तीन, सहा जवळजवळ पूर्ण. सात आणि आठ बरेचसे. सातमधली औद्योगिक सूक्ष्मजीवशास्त्राची नावं, कोणत्या बुरशीपासून कोणतं आम्ल, अजून तिघांचीही सांडतात. ती नावं एका कागदावर लिहून चुलीच्या मागे चिकटवलीत, पुतणी भाकरी करते तिथं. चार आणि पाचला एकेक तारीख. नववा पाठ, सामाजिक आरोग्य, कच्चा. त्यातलं सायबर गुन्ह्यांचं पोरांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, पण मुद्दे करून लिहीत नाहीत.

गणित भाग-२ आणि विज्ञान-२ यांच्यामध्ये जे दिवस मिळतील त्यात नवीन काही घ्यायचं नाही. फक्त एक तारीख असलेले मुद्दे कोऱ्या कागदावर. कागद संपलेत, भावजींना सांगितलंय. मैत्रिणीची आई मार्चमध्ये पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर येईल, तोवर पेपरांच्या दिवसांत ती आमच्याकडेच राहणार आहे.

दिरानं यादीचा फोटो मागितला होता. फोटो दिला नाही, पुस्तक दिलं आणि म्हटलं, स्वतःची लिहून काढ. अजून पहिल्याच पाठावर आहे.